मेरापीच्या उतारावरचे गोठे

वाचकहो, आपल्या रानातली काळी माती मुळात कुठून आली, हे ठाऊक आहे ना? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वितळलेला दगड वाहत आला, थरावर थर साचला, आणि तो कातळ झिजून झिजून ही काळी झाली. आपल्याकडचा तो अग्नी केव्हाच निवाला. इंडोनेशियातल्या जावा बेटावर मात्र तो अजून धुमसतो आहे, आणि त्याच्याच अंगावर माणसे शेती करतात, गाई पाळतात. आज तिकडे जाऊ या.

योग्याकार्ता नावाचे जुने राजधानीचे शहर आहे. हे नाव आपल्या अयोध्येवरून पडले असे सांगतात. तिथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर मेरापी पर्वत उभा आहे. उंची एकोणतीसशे मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट. ‘आपी’ म्हणजे त्यांच्या भाषेत अग्नी. रस्ता चढू लागला की आधी भातखाचरे दिसतात. मग सलाकच्या बागा येतात. या फळाची साल थेट सापाच्या कातडीसारखी असते, आत पांढरा गर. त्याच्याही वर गेलात की भाजीचे मळे आणि घरोघर दुभत्या गाई. गवताचा भारा पाठीवर किंवा मोटारसायकलवर घेऊन चाललेली माणसे पाहिली की आपल्याच मावळातली वाटावीत. डोंगर मधून मधून राख टाकतो, आणि तीच राख पुढे मातीला कस देते. म्हणून लोक तिथून हलत नाहीत. त्यांना वेडे म्हणण्याआधी, पूर येतो म्हणून नदीकाठची मळई कोणी सोडली आहे का, हे आपण आठवावे.

पण हा डोंगर घातही करतो. १९३० साली तेराशेच्या वर माणसे गेली. वितळलेला दगड इथे हळू सरकतो, त्याची फारशी भीती नाही. भीती आहे ती तापलेल्या वायूच्या, राखेच्या आणि दगडांच्या लोटाची. हा लोट ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने ओढ्या-नाल्यांतून खाली येतो, आणि त्याची धग शेकडो अंशांची असते. दुरून तो ढग कुरळ्या लोकरीसारखा दिसतो, म्हणून तिथले लोक त्याला ‘लोकरी मेंढी’ म्हणतात. नाव गोजिरवाणे, पण त्याच्यापुढून पळून कोणी वाचत नाही. २००६ साली दोघे जण त्यासाठीच बांधलेल्या भुयारी आसऱ्यात शिरले, तरी वाचले नाहीत. खरा उपाय एकच, तो येण्याआधी निघणे.

आणि ‘आधी’ कधी, हे सांगणारी माणसे आहेत. डोंगराभोवतीच्या चौक्यांवर भूकंपमापक यंत्रे रात्रंदिवस चालतात. इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली नेहमीची, दुसरी सावध राहा, तिसरी तयारीत राहा, चौथी निघा. २०१० मध्ये २५ ऑक्टोबरला चौथी पायरी जाहीर झाली, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी डोंगर फुटला. आधी दहा किलोमीटरपर्यंतची गावे उठवली होती, ३ नोव्हेंबरला पंधरा किलोमीटरपर्यंतची, आणि ५ तारखेच्या मध्यरात्री, सर्वांत मोठ्या स्फोटाच्या वेळी, वीस किलोमीटरपर्यंतची. तीन लाखांहून अधिक लोक हलवले गेले. साडेतीनशेच्या वर माणसे दगावली. गावे उठली नसती तर हा आकडा दहा हजारांच्या पुढे गेला असता, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

जे गेले त्यांत म्बाह मारिजान होते. ‘म्बाह’ म्हणजे आजोबा. सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार, वय ऐंशीच्या पुढे. २००६ सालीही ते हलले नव्हते आणि तेव्हा वाचले होते, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता. २०१० मध्येही ते घरीच राहिले. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. आपली नेमणूकच डोंगराजवळ राहण्याची आहे, असे ते मानत. मात्र त्यांच्या भरवशावर आसपास थांबलेलेही गेले, हे विसरता येत नाही.

दुसरे कारण तुम्हाला चटकन कळेल. माणसे छावणीत आणि गाई गोठ्यात! सकाळी धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार? पुरुष रोज पोलिसांचा डोळा चुकवून वर जात, आणि काही परत आलेच नाहीत. सरकारने जनावरे विकत घेण्याची तयारी दाखवली, पण घरची गाय अशी विकवते का?

त्या वर्षानंतर पुष्कळ काही सुधारले. मागेलांग जिल्ह्यात वरच्या एकेका गावाची खालच्या सुरक्षित गावाशी सोयरीक जुळवली आहे, त्यांना ‘भावंड गावे’ म्हणतात. उदाहरणार्थ, न्गार्गोमुल्योच्या लोकांनी तामानआगुंगला जायचे, हे आधीच लिहून ठरलेले. त्यामुळे छावणी शोधत हिंडायला नको. पावसात राख आणि दगड घेऊन येणारे चिखलाचे लोंढे अडवायला जपानच्या मदतीने ओढ्यांवर बांध घातले आहेत. त्यांत अडलेली वाळू ट्रक भरून विकली जाते, तोही एक रोजगारच.

ग्लागाहार्जो गावातल्या वरच्या काही वाड्यांनी मात्र २०१० नंतर दुसरीकडे घरे घ्यायला साफ नकार दिला. आम्ही इथेच राहू, पण सांगाल तेव्हा निघू, असे ते म्हणाले. २०२० च्या नोव्हेंबरात तिसरी पायरी जाहीर झाली, आणि त्यांनी शब्द पाळला. कालितेंगाह लोर वाडीतली म्हातारी माणसे, पोरेबाळे आणि गरोदर बाया आधी खाली आल्या. या वेळी जनावरांसाठीही खाली सामाईक गोठे उभारले होते. पुढे धोक्याची बाजू बदलली, तेव्हा वाडी परत भरली आणि गाई आपापल्या दावणीला गेल्या.