मोत्याचे अवधाण

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. कुत्र्यालाही ते येते. पण आपल्या ध्यानात येत नाही, आणि आलेच तर आपण भलते काही करून बसतो. मी करून बसलो आहे, म्हणून सांगतो.

आमच्या वस्तीवर पूर्वी वाघ्या नावाचा कुत्रा होता. एका पावसाळ्यात त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी आल्या. वडील म्हणाले, "डाग देऊ, बसतील." मी पाय धरले, त्यांनी तापलेला विळा लावला. गाठी बसल्या नाहीत, वर डागाची जखम चिघळली. वाघ्याने खाणे टाकले, नाकातून रक्त येऊ लागले आणि दहाव्या दिवशी तो गोठ्यामागे मरून पडला. डाग देताना तो मला चावला नव्हता.

गेल्या साली मोत्याच्या गळ्याखाली तशाच गाठी हाताला लागल्या. अंग तापलेले, भाकरी तशीच पडलेली. आमची मंडळी म्हणाली, "अहो, वाघ्याचं केलं तसं याचं करू नका. डॉक्टरांना दाखवा." मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन त्याला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टरांनी गाठीला आधी हातच लावला नाही. तोंड उघडून दात-हिरड्या पाहिल्या, कान पाहिले, पायाची बोटे फाकवून पाहिली. मग माझा हात धरून दाखवले: जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, मागच्या गुडघ्याच्या पाठीमागे. सगळीकडे गाठी. ते म्हणाले, "या लसिका ग्रंथी. शरीरातल्या पोलीसचौक्या समजा. जिथं दंगा, तिथली चौकी फुगते." एकाच जागी गाठ असेल तर जवळपास काही सडले आहे का ते पाहावे. जबड्याखाली असेल तर किडका दात, तोंडातली जखम किंवा कान. गुडघ्यामागे असेल तर पंजा. सगळ्याच चौक्या फुगल्या तर बहुधा दुखणे अंगभर आहे.

मोत्याच्या कानात एरंडीच्या बीएवढ्या गोचिडी निघाल्या. रक्त तपासले तेव्हा गोचीडताप ठरला. गोचीड चावताना एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात सोडते. त्याने रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून नाकातून रक्त येते. हे ऐकले आणि मला वाघ्या आठवला. त्याला हेच झाले होते की काय, हे आता कोण सांगणार?

डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या २८ दिवस, अन्नाबरोबर, असे सांगितले. तिसऱ्याच दिवशी मोत्याने भाकरी खाल्ली. आठव्या दिवशी मी म्हणालो, बरा झाला, आता कशाला खर्च? पण मंडळींनी कॅलेंडरवर रेघा मारून २८ पुऱ्या केल्या. त्यांचेच बरोबर होते. मध्येच सोडले तर दुखणे आत दबा धरून राहू शकते.

खरे काम पुढेच होते. कुत्र्याची ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंतीच्या भेगांत शिरते आणि हजारावर अंडी घालते. नुसता कुत्रा साफ करून भागत नाही. मी भेगा बुजवल्या, त्याचे जुने पोते जाळले. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून ओढावी, बोटाने चिरडू नये. आणि हात जोडून सांगतो, फवारणीचे पिकावरचे औषध कुत्र्याला चोळू नका. तो अंग चाटतो आणि विष पोटात जाते. गोचिडीचे औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्यालाही अशाच गाठी आल्या. ताप नाही, गोचीड नाही, दाबले तरी दुखत नव्हते. सुईने गाठीतले पाणी काढून तपासले तर तो कर्करोग निघाला. दीड महिन्यात गेला बिचारा. हाताला दोघांच्या गाठी सारख्याच लागत होत्या.

आता आठवड्यातून एकदा बैल धुताना मोत्याच्या तिन्ही चौक्या चाचपतो. गळ्याखालचे तो करू देतो. गुडघ्यामागे हात गेला की मात्र पाय झटकून पळतो.