बिल्ला

परवा रात्री जेवताना मुलीने विचारले, "बाबा, आपल्या सशांचा विमा काढायचा का?"

तिच्या पुण्याच्या मैत्रिणीने आपल्या कुत्र्याचा आरोग्यविमा काढला आहे. त्यामुळे आमच्या चंद्रपूरच्या घरातील दोन पांढऱ्या सशांविषयी तिला एकाएकी अपराधी वाटू लागले असावे. प्रश्न तसा साधा होता आणि मी काहीतरी थट्टा करून तो टाळू शकलो असतो. पण 'विमा' आणि 'जनावर' हे दोन शब्द शेजारी आले की मला एक कान आठवतो. पळसाच्या पानात गुंडाळलेला, पिवळा बिल्ला टोचलेला शेळीचा कान.

त्याची हकीकत सांगायची तर सूरजागडला जावे लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातले हे नाव आज लोहखनिजामुळे सर्वांना ठाऊक आहे. मी तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर शिक्षक होतो, तेव्हा ते बाहेरच्यांना फारसे ठाऊक नव्हते. माडियांसाठी मात्र तो डोंगर ठाकूरदेवाचा. जानेवारीतल्या जत्रेला माणसे दूरदूरच्या गावांहून पायी येत. नोकरी लागली तेव्हा 'बनगरवाडी' नुकतीच पुन्हा वाचलेली होती, आणि जनावरांच्या गावातला मास्तर म्हणून आपणही काही लिहू, असा एक भाबडा मनसुबा मनात होता. लिहिले काहीच नाही. एक करडू तेवढे वाढवले.

त्याची आई बिबट्याने नेली होती. करडू दोन-तीन दिवसांचे असेल. गावात गायीचे दूध काढण्याची रीत नव्हती. ते वासराचे, माणसाचे नव्हे, असा तिथला न्याय. म्हणून मी एटापल्लीहून दुधाची भुकटी आणली आणि बाटलीने पाजले. पाठ होती. तिचे नाव ठेवले चिमणी. ती वर्गात माझ्या खुर्चीपाशी येऊन बसू लागली, तेव्हा मुलांना हसू आवरेना. शेळीला कोणी नाव ठेवते का?

2014 च्या हिवाळ्यात पाड्यावर पशुविम्याचे शिबिर झाले. राष्ट्रीय पशुधन अभियान त्याच वर्षी सुरू झाले होते आणि हप्त्याचा मोठा भाग सरकार भरणार होते. शेजारच्या आजींनी आपल्या सहाही शेळ्या रांगेत उभ्या केल्या. डॉक्टर दात बघून वय सांगत, किंमत ठरत असे आणि कानात पिवळा बिल्ला ठोकला जाई. चिमणीची पाळी आली तेव्हा तिची किंमत साडेतीन हजार रुपये ठरली. मला ते कसेसेच झाले. जिला मी बाटलीने दूध पाजले तिच्या मरणाचा भाव माझ्या देखत ठरत होता. मी म्हणालो, "राहू द्या. हिचा विमा नको."

आजी हसल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "गुरुजी, तुमची सेरी गेली तं तुम्ही रडाल. माझी गेली तं मी बियानं कुठून आनू?"

हे वाक्य मला तेव्हा केवळ व्यवहारी वाटले. त्यातली शहाणीव कळायला पुढचा पावसाळा यावा लागला.

पुढच्या पावसाळ्यात शेळ्यांत पीपीआर आला. ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, मग हगवण. या रोगाची लस आहे आणि एका मात्रेने साधारण तीन वर्षे संरक्षण मिळते, पण त्या वर्षी आमच्या पाड्यावर ती टोचलेली नव्हती. आजींच्या चार शेळ्या आजारी पडल्या. तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न विम्याच्या कोणत्याही परीक्षेत घालावा असा आहे: "मेल्यावर पैसे भेटते. जित्ती असताना दवा कोन देते?" उत्तर होते, कोणी नाही. आपण ज्याला पशुविमा म्हणतो तो मुळात मृत्यूचा विमा आहे. तो जनावराचे आजारपण पाहत नाही. जनावर गेल्यामुळे मालकाचे झालेले नुकसान पाहतो.

दोन शेळ्या मेल्या. एकीचा बिल्ला आधीच काटेरी झुडपात तुटून पडला होता, आणि बिल्ला नाही तर दावा नाही. दुसरीचा होता, पण नाल्याला पूर आलेला. शवचिकित्सा करणारे डॉक्टर तिसऱ्या दिवशी पोचले, तोवर प्रेत ठेवणे शक्य नव्हते. पुरण्याआधी आजींनी बिल्ल्यासकट कान कापला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि माझ्या हाती दिला. "गुरुजी, तुम्ही कागद लिहा." मी लिहिला. पंचनामा, सरपंचांची सही, मी काढलेले छायाचित्र, सारे जोडले. आयुष्यात इतका गंभीर मजकूर मी क्वचित लिहिला असेल. सात महिन्यांनी एका शेळीचे पैसे आले. आजींनी त्यातून दोन पाठी घेतल्या.

चिमणीही आजारी पडली होती. मी तिला मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन एटापल्लीला नेले, इंजेक्शने आणि सलाईन करवली, रात्री जागलो. हजाराच्या वर खर्च झाला आणि ती वाचली. त्या हजाराने माझ्या घरातले काहीही हलले नाही. आजींच्या घरात तेवढ्याच रकमेने पेरणी थांबली असती. मग माझ्या लक्षात आले की शिबिरात मी दाखवलेली भावना खोटी नव्हती, पण ती पगाराच्या आधारावर उभी होती. प्रेमाची किंमत करू नये, हे तत्त्व ज्याला ती किंमत भरणे सहज शक्य आहे त्यालाच सुचते.

2016 च्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. चिमणीला आजींकडे सोडले. नंतर कळले की पुढच्या शिबिरात आजींनी सर्वांत आधी तिच्याच कानात बिल्ला मारून घेतला. मला हे ऐकून वाईट वाटायला हवे होते, वाटले नाही. त्यांच्या घरात कोणाला आपले मानण्याची ती रीत होती.

'विमा' हा शब्द फारसीतल्या 'बीमा' वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'बीम' म्हणजे भय आहे. कोणाचे भय किती मोठे आणि कोण ते किती पेलू शकतो, एवढाच खरा प्रश्न असतो. पशुधन अभियानाच्या नियमांत याचा एक विलक्षण नमुना आहे. हप्त्याच्या कमाल दरासाठी प्रदेशांचे गट पाडले होते: सर्वसाधारण भागात वर्षाला किमतीच्या 3 टक्के, तर डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात साडेतीन टक्के. माणसांच्या संघर्षाचा अर्धा टक्का शेळीच्या नावे लागला होता! 2024 मध्ये केंद्राने नियम सोपे केले. पूर्वी पशुपालकाला 20 ते 50 टक्के हप्ता भरावा लागे, तो सरसकट 15 टक्क्यांवर आणला. आज सूरजागडच्या रस्त्याने खनिजाचे जे ट्रक धावतात, त्या प्रत्येकाला 1988 च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा आहे. त्याच रस्त्याकडेला चरणाऱ्या शेळीचा विमा मात्र कोणी समजावून सांगितले तरच निघतो.

आता सशांकडे येतो. मी थोडी चौकशी केली. आपल्याकडे 2020 नंतर पाळीव कुत्र्यांच्या आरोग्यविम्याची चर्चा वाढली. काही कंपन्या मांजरेही घेतात. त्यांत वयाची अट असते, आधीचे आजार वगळलेले असतात, आणि लस न टोचता झालेला रोग बहुधा मान्य होत नाही. ससा या यादीत मला आढळला नाही. गंमत अशी की पशुधन अभियानाच्या नियमांत ससा आहे! शेळी, मेंढी, डुक्कर आणि ससा: असे दहा प्राणी मिळून एक पशू-एकक. म्हणजे सशाचा विमा निघतो, पण तो मांसासाठी किंवा लोकरीसाठी पाळलेला असेल तर. केवळ मांडीवर बसण्यासाठी असलेल्या सशाला सरकारी भाषेत जागा नाही.

लीळाचरित्रात सशाची एक लीळा आहे, शाळेत आपण सर्वांनी ती वाचलेली असते. पारध्यांपासून पळणारा ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि पारधी शेवटी त्याला सोडून देतात. तिथे सशाची किंमत कोणी विचारत नाही, तो शरण आलेला आहे एवढे पुरते. पण मला आता असे वाटते की शरण देणाऱ्यालाही काही तजवीज करावीच लागते. सर्वज्ञांची गोष्ट वेगळी. आपल्यासारख्यांना गवताचे पैसे मोजावे लागतात.

म्हणून मुलीला मी असे उत्तर दिले. विमा कंपनीला आपला खर्च आणि नफा हप्त्यातूनच काढायचा असतो. म्हणजे सरासरीने आपण देतो जास्त आणि मिळते कमी. तरीही जे नुकसान आपल्याला उभे मोडेल त्याचा विमा जरूर काढावा. आजींनी काढला तो अगदी योग्य होता आणि तो नाकारण्यात माझा मोठेपणा काही नव्हता. सशाचे आजारपण मात्र आपल्याला मोडणारे नाही. उद्या कोणी सशांचा आरोग्यविमा आणला तरी आपल्याला तो नको. सशाचे खरे भय निराळे आहे: त्याने अर्धा-एक दिवस खाणे सोडले तर त्याचे आतडे थंडावते आणि ते जिवावर बेतू शकते. दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून सुके गवत सतत हवे. आणि ससा जाणणारा डॉक्टर रात्री अपरात्री शोधून सापडत नाही, तो आधीच शोधून ठेवावा लागतो. तेव्हा हप्त्याइतके पैसे दर महिन्याला डब्यात टाकायचे, आणि रोज सकाळी लेंड्या मोजायच्या.

तिने डबा धुऊन पुसून मांडला. त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि दोघांची नावे लिहिली. मग मला विचारले, "त्या आजींच्या शेळीचे पुढे काय झाले?"

मला ठाऊक नव्हते. शेळीचे आयुष्य ते केवढे. चिमणी आता नसणारच. बिल्ला कोणीतरी कापून पानात ठेवला असेल, आणि कागद लिहायला गावात नवे गुरुजी असतील, एवढीच आशा.