दोन रात्रींचा पाहुणा

सरड्यासारखे रंग बदलणे ही आपल्याकडे शिवी आहे. निवडणुका जवळ आल्या की ती जरा जास्तच कानावर पडते. पण ज्याच्यावरून ही शिवी आली, त्याला आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेले असते. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा आणि चाहूल लागताच पळत सुटणारा तो साधा सरडा. रंगांची खरी करामत ज्याची, तो सरडगुहिरा वेगळा. काही भागांत त्याला घोयरा सरडा म्हणतात. तो पळत नाही. वाऱ्याने पान हलावे तसा डुलत डुलत एकेक पाऊल टाकतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि तिथे या दोघांना एकच नाव आहे, गिरगिट.

नावाचा हा घोळ त्याच्या जिवावर बेततो. हजरत इब्राहीम (अ.) यांना आगीत टाकले तेव्हा त्या आगीवर फुंकर घालणाऱ्या जिवाची गोष्ट आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. गल्लीतली मुले ती ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी गिरगिटाला दगड मारून सवाब कमावायला निघतात. आमच्या लहानपणीही हेच चाले. खरे तर हदीसमध्ये ज्या जिवाचे नाव आहे तो 'वजग', म्हणजे पाल आणि तिच्या जातीतले प्राणी. सरडगुहिऱ्याला अरबीत 'हिरबा' म्हणतात. नाव वेगळे, प्राणी वेगळा. मसला आलिमांनी सांगावा, तो आमचा अधिकार नाही. पण भाषेपुरते एवढे तरी मुलांना समजावून सांगता येते.

मागच्या श्रावणात आमच्या फुफीने अशाच एका टोळक्याच्या हातून एक पिल्लू सोडवून आणले. शेपटी धरून जेमतेम वीतभर. शनिवारची संध्याकाळ होती, भद्रा मारुतीला पायी येणाऱ्या भाविकांनी सगळा रस्ता भरला होता, आणि म्हैसमाळकडून धुके उतरत होते. आम्ही लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावला. सोमवारी सकाळी माणूस येईल, तोवर हात न लावता शांत जागी ठेवा, असे सांगण्यात आले. म्हणजे दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस तो जीव आमच्या भरवशावर होता.

त्याची अवस्था बरी नव्हती. अंग काळपट पडलेले, डोळे मिटलेले आणि आत ओढल्यासारखे. दगड लागला नव्हता, चारही पायांची पकड शाबूत होती. "मरता क्या ये?" म्हणून धाकटा पुतण्या रडायलाच लागला. ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, म्हशीचे विचारा, याचे मला फारसे ठाऊक नाही. मग त्यांनीच शहरातल्या एका सर्पमित्राशी बोलणे करून दिले. त्या भल्या माणसाने दोन दिवसांत चार-पाच वेळा फोन घेतला, एकदा तर रात्री अकराला.

त्यांचा पहिला प्रश्न डोळ्यांचा होता. सरडगुहिऱ्याचे डोळे शंकूसारखे बाहेर असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात. निरोगी प्राणी दिवसा डोळे मिटून बसत नाही. मिटलेले असतील तर आजार किंवा फार मोठी भीती, आणि आत गेलेले असतील तर बहुधा पाण्याची कमतरता. आता घरात पाणी देण्याची आपली रीत म्हणजे वाटी. वाटी समोर होतीच, पण त्याने तिच्याकडे पाहिलेही नव्हते. कारण साठलेले पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब, दव, पावसाची सर, हेच त्याचे पाणी. सरळ तोंडात ड्रॉपर घालायचा नाही, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. शेवटी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली धुऊन घेतली, सीताफळाची पालेदार फांदी त्याच्यासमोर ठेवली आणि पानांवर बारीक फवारा मारला. दहा मिनिटे काहीच नाही. मग एक डोळा उघडला, फिरला, थेंबावर थांबला. त्याने तो थेंब चाटला, मग दुसरा. घरात कुणी बोलेना.

दुसरा प्रश्न जागेचा. मुलांनी त्याला बुटाच्या खोक्यात घातले होते. शेजारच्या खालांनी मायेने माशांची जुनी काचेची टाकी पाठवली. दोन्ही उपयोगाचे नव्हते. खोक्यात त्याला चढायला काही नाही, आणि हा झाडावरचा प्राणी. उंचावर असला तरच त्याला सुरक्षित वाटते. काचेत हवा कोंडते. शिवाय हा एकलकोंडा आहे, काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले तरी दुसरा सरडगुहिरा आला समजून धास्तावतो. आम्ही कपड्यांची जाळीची उंच टोपली उभी केली, आत फांद्या आडव्या-तिरक्या लावल्या आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधला. त्याच्या पायांची बोटे दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, चिमट्यासारखी. ती ज्यावर नीट बसतील एवढ्याच जाडीच्या डहाळ्या लागतात. हे सर्पमित्राने सांगेपर्यंत अब्बा झाडूची काठी कापायला बसले होते.

रात्री ऊब म्हणून पिवळा बल्ब लावावा, असे दादींचे मत पडले. कोंबडीच्या पिल्लांना आपण लावतोच. पण याला रात्री अंधार लागतो, म्हणून बल्ब बंद राहिला. अकराला टॉर्चने पाहिले तर तो पार फिकट, जवळजवळ पांढुरका पडलेला, शेपटीची चकली करून निश्चल. सगळ्यांच्या तोंडून एकदम इन्ना लिल्लाह निघाले. अकराचा तो फोन याचसाठी होता. उत्तर आले की तो झोपला आहे, झोपेत त्यांचा रंग असाच उतरतो, टॉर्च बंद करा.

रंगाविषयी आपला आणखी एक समज असा की हा मागच्या भिंतीप्रमाणे रंग बदलून लपतो. तसे फारसे नसते. थंडी वाजली की तो गडद होतो, म्हणजे ऊन जास्त शोषले जाते. भीती, राग, आजारपण, जोडीदाराची ओढ हेही रंगातूनच बाहेर येते. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले की त्वचेच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. म्हणजे ज्याला आपण ढोंगी म्हणतो, त्याला मनातले लपवताच येत नाही.

रविवारी सकाळी धुके फाटले तशी टोपली गच्चीवर नेली. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत, कारण जास्त तापले तर त्याला स्वतः सरकता आले पाहिजे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही. उन्हातले जे किरण अंगात ड जीवनसत्त्व तयार करतात ते काच अडवते. ते नसले की खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागत नाही, आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. घरात पाळलेल्या पिल्लांचा घात बहुतेक असाच होतो. तासाभरात काळपटपणा गेला आणि अंगावर हिरवे-पिवळे पट्टे उमटले.

खाण्यासाठी दादींनी दूधभात सुचवला होता, तो मांजरीला गेला. याला जिवंत किडाच हवा, आणि तोही त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. शेतातून आणायचा तर फवारणी न झालेल्या जागेतून. मुलांनी मशिदीमागच्या गवतातून एवढेसे नाकतोडे आणले. सकाळी त्याने पाहिले नाही. दुपारी दोन्ही डोळे एकाच जागी रोखले आणि काही कळायच्या आत अंगाहून लांब जीभ जाऊन परत आली. ज्या हातांनी आदल्या दिवशी दगड उचलले होते, त्यातलेच दोन हात टाळ्या वाजवत होते.

आणि तिथूनच खरा पेच सुरू झाला. आता सगळ्यांना तो हवा होता. त्याचे नावही ठेवून झाले होते. पुण्या-मुंबईत असे प्राणी विकत मिळतात, असे कुणीतरी म्हणाले. मिळतात, पण ते बहुधा येमेन आणि सौदी अरबस्तानातल्या शेंडीवाल्या जातीचे असतात, आणि आता 2024 च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्या मातीतला सरडगुहिरा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे.

मुलांना कायदा पटला नाही. त्यांचा वकील मोठा पुतण्या. तो म्हणाला, हजरत अनस (र.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, छोटा पक्षी होताच की, आणि पैगंबर (स.) त्याची विचारपूस करत. मुद्दा बिनतोड होता. दादींनी सुपारी कातरता कातरता त्याला दुसरी हदीस आठवायला लावली, मांजर कोंडणाऱ्या बाईची. त्या बाईने मांजरीला खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खायला मोकळेही सोडले नाही. मुलगा म्हणाला, आम्ही खायला देतोय ना. दादी म्हणाल्या, शाळा सुरू झाल्यावर रोज वीस नाकतोडे कोण पकडणार? दव कोण पाडणार? त्याने थोडा वेळ हिशेब केला आणि गप्प बसला.

सोमवारी वनविभागाचे दोघे आले. डोळे, पाय, पकड पाहिली, वहीत नोंद केली आणि विचारले, नेमका सापडला कुठे? आम्हाला वाटले होते गौताळ्याच्या जंगलात नेतील. पण ते म्हणाले, ज्या कुंपणातला आहे त्याच कुंपणात बरा, तिथले ऊन-पाणी त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शूलिभंजनच्या वाटेवर बोरी-बाभळीचे आणि घाणेरीचे दाट कुंपण आहे. फांदीसकट त्याला तिथे टेकवले. पाऊण तास लागला त्याला हातभर अंतर जायला. मुले उकिडवी बसून राहिली.

जाताना त्यातल्या एकाने मुलांना सांगितले की मादी अंडी घालायला झाडावरून खाली उतरते, जमिनीत खड्डा करते. तेव्हाच ती रस्त्यावर दिसते आणि गाडीखाली किंवा दगडाखाली जाते. दिसली तर हात लावायचा नाही. विषारी नसली तरी ती घाबरते. एक काठी पुढे धरायची, ती चढली की ज्या बाजूला तोंड होते त्याच बाजूच्या झुडपात ठेवायची. उलट्या बाजूला ठेवली तर ती पुन्हा रस्ता ओलांडायला येते.