फळ्यावरची बाकी

मागच्या रमजानच्या आधी आमच्या जमातीची बैठक झाली. मशिदीचं लाईट बिल थकलेलं, इमामसाहेबांचा दोन महिन्यांचा पगार राहिलेला. बराच वेळ बोलाचाली झाल्यावर ठरलं, की ज्यांचा महिन्याचा शंभर रुपये चंदा थकलाय, त्यांची नावं दारातल्या फळ्यावर लिहायची. लाज वाटली की देतील. मी खजिनदार, त्यामुळे खडू माझ्याच हातात आला. यादीत तेवीस नावं होती.

मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि मला माझं लहानपण आठवलं.

नोकरीमुळे मी साताऱ्यात राहतो, पण मूळचा मिरजेचा. अब्बांचा फळांचा गाडा होता. मी सातवीत असताना पावसाळ्यात धंदा बसला आणि आमचा चंदा चार-पाच महिने राहिला. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या फळ्यावर अब्बांचं नाव बाकीदारांत लागलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. जुम्म्याच्या नमाजीनंतर ती यादी माईकवरून वाचली गेली. मी अब्बांच्या शेजारी बसलो होतो. ते काही बोलले नाहीत. पुढच्या जुम्म्यापासून मात्र ते मला घेऊन लांबच्या मशिदीत जाऊ लागले. "बाजारातून जवळ पडते," असं सांगायचे. मला ते खरं वाटायचं. अम्मीनं खरं कारण सांगितलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. बाकी अब्बांनी त्याच वर्षी फेडली होती, तरी त्या मशिदीत ते परत गेले नाहीत.

मी खडू खाली ठेवला आणि कमिटीकडून एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात तेवीसपैकी बहुतेक घरी जाऊन आलो. दोन घरांची परिस्थिती खरंच बिकट होती. एकाच्या घरात डायलिसिस सुरू होतं, त्याच्याकडे पैसे मागण्याऐवजी जमातीनंच त्याला द्यायला हवे होते. बाकीच्यांकडे शंभर रुपये होते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "भाई, पैसे जातात कुठं तेच कळत नाही," असं बऱ्याच जणांनी सांगितलं. एक तरुण रिक्षावाला म्हणाला, "तुम्ही आम्हाला फक्त मागतानाच दिसता."

हे ऐकताना मला ऑगस्ट २०१९ आठवला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आमच्या मशिदीतून पीठ, चादरी, औषधं आणि पाण्याच्या बाटल्या भरून टेम्पो निघाला आणि विट्यावरून वळसा घालून सांगलीकडे पोचला. कुठे किती सामान उतरवलं, डिझेलला किती लागले, हे पोरांनी रोजच्या रोज मोबाईलवर सगळ्यांना कळवलं. तेव्हा कुणाच्या मागे लागावं लागलं नाही. आज ज्यांना आपण बाकीदार म्हणतोय, त्यातल्या कितीतरी जणांनी तेव्हा पाचशे-हजार दिले होते. माणसं तीच होती. तेव्हा त्यांना आपल्या पैशाचं काय झालं ते कळत होतं.

याच सुमारास ऑफिसातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यानं चर्चमधल्या हंगामाच्या सणाला बोलावलं. उपासना संपल्यावर मंडळीच्या खजिनदारांनी हिशेब वाचला. सुरुवात आभारांनी केली. तुमच्या दानातून एवढ्या मुलांची फी भरली गेली, छपराची गळती थांबली, एका आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मग पाळकसाहेबांचा पगार आणि विजेचं बिल. शेवटी तूट किती आहे आणि ती कशामुळे आहे, तेही स्वच्छ सांगितलं. कुणाचंही नाव घेतलं नाही, देणाऱ्याचंही नाही आणि न देणाऱ्याचंही नाही. मी नंतर कौतुक केलं तर ते हसले. म्हणाले, "आमच्याकडेही पूर्वी ओरडाच असायचा. पैशावरून भांडणंही झालीत. मग शहाणे झालो."

घरी येताना मला ओशाळल्यासारखं झालं. ही गोष्ट आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हेच सांगते. जकात गोळा करून आलेला एक माणूस म्हणाला, की हे तुमचं आणि हे मला भेट म्हणून मिळालं. तेव्हा पैगंबरसाहेबांनी मिंबरवर उभं राहून सर्वांसमोर विचारलं, की हा घरी बसून राहिला असता तर ती भेट त्याला आली असती का? ही हदीस आपण खुतब्यात ऐकतो आणि कमिटीच्या बैठकीत विसरतो.

कायदाही जुनाच आहे. मुतवल्लीनं हिशेब दिला पाहिजे, हे १९२३च्या वक्फ कायद्यात आलं. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं ट्रस्टच्या हिशेबाची तपासणी सक्तीची केली, आणि १९९५च्या वक्फ कायद्यातही तेच आहे. आमचंही ऑडिट होतं. पण तो हिशेब ऑफिसात पोचतो, सफेत बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. ज्यानं शंभर रुपये दिले तोच तेवढा अंधारात राहतो.

रमजानच्या पहिल्या जुम्म्याला मी फळ्यावर नावांऐवजी हिशेब लावला. मोठ्या अक्षरात, मराठीत. तीन रकाने केले: मशिदीचा खर्च, जकात-फितरा आणि लिल्लाह मदत. जकातीचा पैसा हकदाराचा असतो, तो लाईट बिलात किंवा भिंतीत घालता येत नाही. म्हणून लोकांना ते वेगळं दिसलं पाहिजे. वर लिहिलं की तुमच्या चंद्यातून वर्षभर पाच वक्त अजान झाली, वजूला पाणी मिळालं, साठ मुलं मकतबमध्ये शिकली. खाली लिहिलं की इतके कमी पडतात.

एका ओळीवरून कमिटीत वाद झाला. पाण्याची मोटार मी घाईत दुरुस्त करून घेतली होती, दुसरीकडे दर न विचारता. पैसे जास्त गेले. एक ट्रस्टी म्हणाले, "हे कशाला लिहिता? चांगलं तेवढं लिहा, लोक नावं ठेवतील." पण चांगलं तेवढंच लिहिलं असतं तर ती जाहिरात झाली असती. मी लिहिलं: मोटार दुरुस्तीला जास्त खर्च झाला, चूक खजिनदाराची.

लोकांनी नावं ठेवलीच. दोघांनी मला दारातच गाठून सुनावलं. त्यातला एक जण आठवड्यानं स्वतःच्या ओळखीचा मिस्त्री घेऊन आला आणि पुढची दुरुस्ती निम्म्या पैशात करून दिली. तेवीसपैकी चौदा जणांचा चंदा सुरू झाला. दोघांचा आम्ही न बोलता माफ केला. बाकीचे अजून देत नाहीत. इमामसाहेबांचा पगार आता वेळेवर होतो, छताचं काम मात्र राहिलंय.

अब्बा आता थकलेत, माझ्याकडेच असतात. ईदच्या आदल्या जुम्म्याला त्यांना हाताला धरून मशिदीत नेलं. चपला काढून ते फळ्यासमोर थांबले. बोट धरून एकेक ओळ वाचू लागले. मागे गर्दी झाली, लोक बाजूनं आत जाऊ लागले. मी म्हटलं, "अब्बा, चला, खुतबा सुरू होईल."

त्यांनी बोट हलवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मोटर को इत्ते पैसे लगते क्या रे?"