गेवराईचं पार्सल

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावातून परदेशातल्या मुलाला पार्सल निघतं, तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीशेजारी अश्वगंधा, त्रिफळा, एखादी शक्तीची गोळीही शिरते. पांढऱ्या कापडात शिवलेलं ते गाठोडं मनात रेंगाळतं. टाक्याटाक्यात काळजी असते, पण डबीत नेमकं काय आहे हे शिवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. माणसावरचा विश्वास आपण नकळत मालावर टाकतो. संशोधक रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली; २००८ साली निष्कर्ष आले. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, धातू-खनिजं मुद्दाम घालून बनवलेल्या, रसशास्त्राच्या औषधांत तर १०० पैकी ४०मध्ये.

आपले आजोबा हेच खात होते, असं कुणी म्हणेल. खात असतील, पण वैद्याच्या नजरेखाली, ठरावीक दिवस. आणि त्यांच्या रक्तातलं शिसं मोजलं कुणी? मग तिकडचीच गोळी बरी? तसंही नाही. त्याच तपासणीत अमेरिकेत बनलेल्या मालातही प्रमाण जवळपास तेवढंच होतं. तिथल्या १९९४च्या कायद्यानुसार पूरक आहाराला विक्रीआधी सरकारी मंजुरी लागत नाही. म्हणजे दोष गावाचा नव्हे, न तपासलेल्या डबीचा. पार्सलातून जाणाऱ्या डॉक्टरी औषधालाही सूचना लागते: ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आपल्याकडे डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात. सूचनेविना पोचली, तर कुणी ती रोजही घेईल. चटणी खुशाल जावी. पुडीसोबत मात्र डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि डबीवरचं लेबल फाडलेलं नसावं.