उताऱ्यानुसार

रविवारी सकाळी नऊ वाजता शहाड स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या खोलीत आम्ही सहाजण जमतो. खोली आमच्यातल्या एकाच्या मामांची. आठवडाभर तिथे मंडपाचे सामान असते, रविवारी आम्ही असतो. सतरंजीच्या मधोमध एक मोबाइल उताणा ठेवलेला असतो आणि त्यावर वीस मिनिटे उलटी धावत असतात. तेवढ्या वेळात इंग्रजीचे तीस प्रश्न सोडवायचे. बँकांच्या लिपिकपदासाठी होणाऱ्या पूर्वपरीक्षेचा हा हिशेब आहे. एका प्रश्नाला चाळीस सेकंद पडतात, आणि उत्तर चुकले तर पाव गुण जातो. उतारा वाचण्यासाठी वेगळा वेळ नाही. तो याच चाळीस सेकंदांतून चोरायचा.

आम्ही सहाहीजण मराठी साहित्याचे पदवीधर, दोघे तर पदव्युत्तर. 'उतारा' हा शब्द आम्हांला परका असण्याचे कारण नव्हते. शाळेपासून आम्ही उताऱ्यांवरची उत्तरे लिहीत आलो आहोत. तरीही या खोलीत पहिल्या काही रविवारी आम्ही जे गुण मिळवले, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. संहिता, अन्वय, आस्वाद, अनेकार्थता या शब्दांवर पोसलेल्या माणसांना तीन परिच्छेदांचे आकलन होऊ नये, यात काहीतरी शिकण्यासारखे आहे असे तेव्हा वाटले नाही. नुसती लाज वाटली.

ही लाज पत्करण्याचे कारण मात्र गावाच्या नकाशात आहे. शहाड म्हणजे कल्याणनंतर कसाऱ्याच्या वाटेवरचे पहिले स्थानक. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, आणि मध्ये रेयॉनचा कारखाना. आमच्या वडिलांची पिढी पाळीच्या भोंग्यावर जेवली आणि झोपली. त्यांच्यापैकी पुष्कळांना काम मिळाले ते कोणाच्या तरी शब्दावर. पुढे पलीकडच्या मोहन्यातला मोठा कारखाना २००९ साली बंद पडला आणि आमच्यातल्या दोघांची घरे एकाच महिन्यात गप्प झाली. शब्दावर काम मिळण्याचा काळ संपला आणि गुणांवर काम मिळण्याचा आला, असे आम्ही आपल्यापुरते समजतो. यात न्याय अधिक आहे हेही खरे. परीक्षेला कोणाचा मामा ठाऊक नसतो.

भाषेच्या बाबतीत हा न्याय काहीसा तिरका आहे. सरकारी बँकांच्या लिपिकपदाच्या परीक्षा इंग्रजी आणि हिंदीबरोबरच मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याची शिफारस केंद्रीय अर्थमंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये केली. गणित आणि बुद्धिमापन मराठीत आले. इंग्रजी मात्र इंग्रजीतच राहणार, हे ओघानेच आले. स्टेट बँकेच्या लिपिकीय भरतीत दहावी किंवा बारावीला स्थानिक भाषा शिकलेल्यांना त्या भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. म्हणजे मराठीची आम्हांला सूट आहे. सूट मिळते, पण गुण मिळत नाहीत. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०११ साली इंग्रजी उतारे आले तेव्हा भारतीय भाषांतून शिकलेल्या उमेदवारांनी आंदोलन केले. २०१४ मध्ये त्या उताऱ्यांचे गुण गुणवत्तायादीसाठी धरले गेले नाहीत, आणि २०१५ पासून ती पत्रिकाच केवळ पात्रतेपुरती उरली. पण लिपिक होऊ पाहणाऱ्यांचे आंदोलन कोण करणार?

व्याकरण आम्हांला एका सिंधी सरांनी शिकवले. ते कॅम्प एकमध्ये राहतात, वय ऐंशीच्या पुढे. फाळणीनंतर पाचव्या वर्षी आईच्या कडेवरून कल्याण कॅम्पात आले, तिथल्या लष्करी बराकीत वाढले आणि पुढे तिथल्याच शाळेत चाळीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. त्यांच्याकडे 'रेन आणि मार्टिन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याकरणाची पाठीमागचे पुठ्ठे गेलेली एक प्रत आहे. यातले पी. सी. रेन हे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय शिक्षणसेवेत होते आणि कराचीत मुख्याध्यापक होते. पुढे परकी सैन्यदलावरच्या 'बो जेस्ट' या १९२४ च्या कादंबरीने ते जगभर गाजले. पण भारतात त्यांचे नाव टिकले ते रिकाम्या जागा भरण्याच्या स्वाध्यायांमुळे. "बेटा, हा माणूस माझ्या कराचीचा," सर पुस्तकावर बोट ठेवून सांगतात, "माझी सिंधी तिकडे राहिली, याचं ग्रामर माझ्याबरोबर आलं." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते. असली तरी आम्हांला ती ओळखता येत नाही.

सरांनी पहिल्यांदा आमच्या चुकांची यादी केली आणि मग म्हणाले, की या चुका नव्हेत, हे तुमचे मराठी आहे. ते खरे होते. इंग्रजीत नामाआधी येणारी उपपदे आम्ही गाळत होतो, कारण मराठीला त्यांची गरजच पडत नाही. शब्दयोगी अव्यये चुकत होतो, कारण आमची नाती विभक्तीच्या प्रत्ययांनी जुळतात. सर्वांत अधिक चुका अप्रत्यक्ष कथनात होत. 'तो म्हणाला, की मी उद्या येतो' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत मात्र त्यातल्या 'मी'चा 'तो' करावा लागतो, 'येतो'ला भूतकाळात ढकलावे लागते, आणि 'उद्या'चा 'दुसरा दिवस' होतो. मराठी दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा 'मी' त्याच्याकडेच ठेवते. इंग्रजी तो काढून घेते आणि सांगणाऱ्याच्या जागेवरून सारे पुन्हा मोजते. कोणती रीत श्रेष्ठ हा प्रश्न फोल आहे. पण हा फरक वर्गात साहित्यशास्त्र शिकताना कोणी आम्हांला दाखवला नव्हता. निवेदकाच्या दृष्टिकोनावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती, आणि आमची स्वतःची भाषा त्याबाबत काय करते हे एका भरतीपरीक्षेच्या तयारीत कळले.

वाचनाची युक्ती मात्र सरांची नव्हे. ती आम्ही बाहेरून शिकलो. आधी प्रश्न वाचायचे, त्यातले कळीचे शब्द मनात धरायचे, मग उताऱ्यात ते हुडकायचे आणि त्यांच्या आजूबाजूची दोन वाक्ये तेवढी वाचायची. वाचू नका, शोधा, असे तिचे सार. युक्ती कामाची आहे. आमचे गुण दुपटीहून वाढले. पण काही महिन्यांनी एकजण म्हणाला, की लोकलमध्ये कादंबरी वाचताना माझे डोळे पानावरून घसरतात, काय विचारतील याचा अंदाज घेतात. आम्ही हसलो. मग लक्षात आले, की हसणाऱ्या प्रत्येकाचे तेच झाले होते.

अशातच तो नदीचा उतारा आला. एका सरावसंचातला, लेखकाचे नाव नसलेला. उद्योगांमुळे नद्या दूषित झाल्या. पण उद्योगांचा लाभ आपण सर्वांनीच घेतला, म्हणून आपण सर्वच जबाबदार आहोत, असा त्याचा आशय. प्रश्न होता: उताऱ्यानुसार जबाबदार कोण? आमच्यातली जी सर्वांत चांगली वाचक, तिने 'कारखाने' हा पर्याय निवडला. उत्तर अर्थातच 'सर्व नागरिक' असे होते. पाव गुण गेला.

तिचे घर वालधुनीच्या काठी आहे. २०१४ च्या अखेरीस त्या नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा ती शाळेत होती. तिच्या आजीला त्या रात्री रिक्षात घालून नेले होते. तिने उतारा आमच्यापुढे सरकवला आणि विचारले, "यातल्या 'वी'चं मराठी काय करायचं? आम्ही, की आपण? माझी आजी यात आहे का?"

कोणी बोलले नाही. मग एकजण जरा चिडूनच म्हणाला, "अगं, तुला काय वाटतं ते विचारलेलं नाही. उताऱ्यात काय आहे ते विचारलंय." ती म्हणाली, "ते मला कळलं होतं. तरी बोट तिकडे गेलं नाही."

त्या दिवशी उरलेला सराव झाला नाही. दुपारपर्यंत भांडण झाले. त्याचा निकाल आजही लागलेला नाही, पण दोन्ही बाजू नमूद करायला हव्यात. 'उताऱ्यानुसार' हा शब्द आम्हांला प्रथम अन्यायाचा वाटला: जे तुम्हांला ठाऊक आहे ते दाराबाहेर ठेवून आत या, असे तो बजावतो. पण विचार करता त्यात एक शिस्तही दिसू लागली. साहित्याच्या वर्गात आम्ही पुष्कळदा संहितेचे नाव घेऊन स्वतःचेच मनोगत लिहिले होते, आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. समोरचा नेमके काय म्हणतो आहे हे आपले मत थांबवून ऐकणे ही समीक्षेची पहिली पायरी, आणि ती आमची कच्ची होती. 'उताऱ्यावरून सांगता येत नाही' असा एक पर्याय या परीक्षांत कधीकधी असतो. तो निवडायला धैर्य लागते. आमच्या एकाही प्रबंधिकेत ते वाक्य नव्हते.

मात्र पहिल्या पायरीनंतर दुसरी असते, आणि परीक्षा पहिलीवरच दार लावून घेते. लेखक काय म्हणतो ते कळल्यावर, तो म्हणतो ते खरे आहे का, आणि त्याच्या 'आपण'मध्ये त्याने कोणाला न विचारता ओढले आहे, हे विचारणे म्हणजेच वाचन. इंग्रजीत आम्ही आणि आपण यांना एकच शब्द आहे; मराठीत त्या दोहोंमध्ये एक भिंत आहे. तिचा प्रश्न त्या भिंतीमुळेच तिला सुचला. जी भाषा तिला गुण मिळवून देत नव्हती, तिनेच तो उतारा तिला सर्वांत खोलवर वाचून दाखवला.

गेल्या वर्षी आमच्यातल्या दोघांची निवड झाली. ती त्यांत नव्हती. इंग्रजीत थोडक्यात राहिली. निवड झालेल्यांपैकी एकजण आता जिल्ह्यातल्याच एका शाखेत खिडकीवर बसतो. तो सांगतो, की दिवसातून दहादा तरी कोणी आजोबा वा मावशी छापील इंग्रजी कागद पुढे करतात आणि विचारतात, "बाळा, यात काय लिहिलंय?" तो वाचून मराठीत सांगतो. मागे रांग असते. कळीचे शब्द शोधून तिथे भागत नाही. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत काय आहे तेही सांगावे लागते, कारण सही मावशींची असते.

आम्ही चौघे अजून रविवारी जमतो. ते दोघेही सुटी असली की येतात. एक नियम नवा केला आहे. वीस मिनिटांचा सराव संपला, गुण मांडून झाले, की मोबाइल पालथा ठेवायचा आणि त्यातलाच एक उतारा कोणीतरी सावकाश, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून वाचायचा. गेल्या रविवारी तिची पाळी होती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "आता सांगा, हा लिहिणारा कुठे उभा राहून बोलतोय?" या प्रश्नाला पर्याय दिलेले नव्हते. आम्ही बोलत राहिलो, आणि टिटवाळ्याहून येणाऱ्या दोन गाड्या निघून गेल्या.