समोरच्याचं वाक्य

"अरे, समोरचा बोलतोय ना? त्याला बोलू दे की!" शाळेत नाट्यछटा बसवताना बाई मला सारख्या म्हणायच्या. समोर तर कुणीच नसायचं. मी सातवीत होतो. पाठांतर चोख होतं, त्यामुळे सगळं एका दमात म्हणून खाली उतरायची घाई. बक्षीस अर्थातच दुसऱ्याला मिळालं.

ब्राउनिंगच्या कवितांवरून शंकर काशिनाथ गर्ग्यांना हा प्रकार सुचला आणि १९११ पासून 'दिवाकर' या नावानं त्यांनी तो मराठीत आणला, हे फार नंतर वाचलं. बोलणारा एकच, पण त्याच्या "काय म्हणालास?" वरून दुसरा काय म्हणाला असेल ते आपल्याला कळतं. म्हणजे निम्मी नाट्यछटा लिहिलेलीच नसते, आणि बाई मला तीच निम्मी शिकवत होत्या. आमच्या बांद्यासारख्या गावात हे समजायला जडच. आम्ही वाढलो दशावतारावर. तिथे संहिता नसली तरी राजासमोर राक्षस हाडामांसाचा उभा असतो, आणि बोलण्यात कमी पडलात तर तो तुम्हाला सोडत नाही.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यात असताना सुषमा देशपांडे यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' पाहिलं. १९८९ पासून त्या हा एकपात्री प्रयोग करत आल्या. सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला शाळा, शेण, चिखल आठवतो. १८५४ मध्ये 'काव्यफुले' छापणारी कवयित्री सहसा आठवत नाही. त्या संध्याकाळी बाईंचं वाक्य मला पहिल्यांदा नीट कळलं. रंगमंचावरच्या सावित्रीबाई बोलायच्या थांबल्या की जोतीराव काय म्हणाले असतील, ते माझं मीच ऐकत होतो.

निवृत्त होऊन गावी आलो आणि आरती प्रभूंवर काही करावं असं डोक्यात शिरलं. आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर, आमच्याच मुलखातले. जन्म ८ मार्च १९३०, वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीच्या बागलांच्या राईतला. कुडाळात घरची खानावळ चालवता चालवता हा माणूस 'सत्यकथे'त कविता पाठवत होता. १९५९ मध्ये 'जोगवा' आला, त्याच साली मुंबई, आकाशवाणीतली नोकरी. मग कादंबऱ्या, नाटकं, आणि २६ एप्रिल १९७६ ला, सेहेचाळिसाव्या वर्षी, सगळं संपलं. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८ चा, म्हणजे तो घ्यायला कवी नव्हताच.

मला मात्र मुंबई नको होती, खानावळ हवी होती. हिशेबाच्या वहीशेजारी कविता कशी बसत असेल? जेवून गेलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की गल्ल्यावर कोण बसलंय? (कवी व्यवहारात कच्चा असतो, असं म्हणून आपण किती लवकर मोकळे होतो! खानावळ चालवून पाहावी एकदा.)

पाऊण तासाचा मजकूर लिहिला. गावातल्याच एका छोट्या सभागृहात एक टेबल, एक वही, एक पितळी तांब्या मांडून प्रयोग केला. पन्नासेक माणसं असतील. टाळ्या झाल्या, चहा झाला. पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत जवळ आले.

"बरां केलास. पण माका सांग, गल्ल्यार बसलेलो माणूस इतक्यां बोलता खंय? माणूस इलो की बस म्हणता, उठलो की पैशे घेता."

घरी येऊन मजकूर पुढ्यात घेतला. तारखा, पुस्तकांची नावं, पुरस्कार, सगळं खानोलकरांच्या तोंडी घातलं होतं मी. माणूस स्वतःचा चरित्रकोश असा घडाघडा म्हणतो का? सातवीतला पोरगा अजून खाली उतरायच्या घाईत होता. पाऊण तासाची वीस मिनिटं केली. 'जोगवा' छापल्याचं वाक्य गेलं, अकादमी गेली. लिहून ठेवलेल्या जागा कमी झाल्या, न लिहिलेल्या वाढल्या, आणि त्यांचीच मला जास्त भीती वाटू लागली.

दुसऱ्यांदा तोच हॉल, तेच टेबल, आजोबा पहिल्याच रांगेत. सुरुवातीला मी नुसताच वहीत आकडे मांडत बसलो. बाहेर हायवेवरून गोव्याकडे जाणारा ट्रक घरघरत गेला. कुणीतरी खोकलं. मी मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायला लागलो.

तिनाला आजोबांचा आवाज आला, खणखणीत. "जेवाण असा?"

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"असा," मी म्हटलं. "बसा."